बिनपुजेचं मडकं

मडकं म्हटलं की ते तोंड वर करून बसलेलंच डोळ्यांपुढे येतं. पोपटीच्या रात्री मात्र ते तोंड जमिनीला लावून बसतं आणि अर्धापाऊण तास आत काय चाललंय याचा कुणाला पत्ता लागू देत नाही. भोवती पेंढा, गोवऱ्या, नारळाच्या वाळक्या झावळ्या धडाडून पेटलेल्या असतात. पोरं पुन्हा पुन्हा विचारत असतात, झालं का, झालं का. ते आपलं बसलेलं असतं. इतकं अबोल भांडं दुसरं मी पाहिलेलं नाही. कुकर शिट्टी देतो, फोडणी तडतडते, दूध उतू जाऊन आपली बातमी देतं. पोपटीचं मडकं विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारायची रीतही ठरलेली आहे. ओंजळीतलं पाणी त्याच्या पाठीवर शिंपडायचं. पाणी ओघळून खाली आलं तर थांबायचं. चर्र करून जागच्या जागी उडून गेलं, की मडक्यानं हो म्हटलं.

रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या पट्ट्यात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. खालची ओल आणि पहाटेचं दंव एवढ्यावर तो वाढतो. डिसेंबर सरता सरता शेंगा भरायला लागतात, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत पोपटीचे दिवस. मडक्याच्या तळाला आणि कडेनं भांबुर्ड्याचा पाला लावायचा. भांबुर्डा बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवतो. वास उग्र, चुरडला की हाताला रात्रभर राहणारा. त्यावर शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा, पुन्हा शेंगा, मधेमधे बटाटे, रताळी, कणगर. कुणी अंडी घालतं, कुणी मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बोळा. थेंबभर पाणी नाही, थेंबभर तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होते, तीवर सगळं शिजतं. वाल वातूळ, म्हणून ओवा. वलसाडकडे हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उंबाडियुं विकतात, ते पोपटीचं गुजराती भावंड. तिथे पाला वेगळा आणि हिरव्या मसाल्याला हात सढळ.

आमच्या घरी पोपटीचं मडकं जन्माला येतं ते माठ म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभाराकडून घेताना आई बोटाच्या पेरानं टिचक्या मारून त्याची परीक्षा घेते. खणखणीत बोललं तर घ्यायचं, बद्द बोललं तर परत ठेवायचं. नळ बसवलेला माठ ती घेत नाही. मग तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर बसतो आणि पाणी गार करत राहतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर आलं की वाफ होऊन उडतं, उडताना आतली उष्णता घेऊन जातं. माठाची सगळी विद्या एवढीच. पण पाण्यातले क्षार त्या छिद्रांत बसत जातात, आणि काही काळानं माठ पाणी नुसतं सांभाळतो, गार करत नाही. बहुतेक घरांतून इथे त्याची परसात रवानगी होते. आमच्याकडे त्याला दुसरी नोकरी लागते. पावसाळ्यात तो माळ्यावर जातो, दिवाळी झाली की गच्चीत उन्हाला बसतो. जन्मभर पाणी पोटात घेऊन बसलेल्याला विस्तवासमोर बसवायचं, तर आधी पाणी पार विसरायला लावावं लागतं. मातीत ओल राहिली तर आगीत तिची वाफ होते आणि मडकं तडकतं.

एका वर्षी तसंच झालं. माझ्या मुलानं त्या दिवशी सकाळी मोठ्या मायेनं त्याला धुतलं, पुसलं आणि सावलीत झाकून ठेवलं. संध्याकाळी आग चांगली धरली आणि आतून फट्ट आवाज आला. पोटावर वरपासून खालपर्यंत चीर गेली. निम्म्या शेंगा विस्तवात, उरलेल्या अर्ध्याकच्च्या, धुरकट. आम्ही त्याही खाल्ल्या. मडक्यावर कुणी चिडलं नाही, मुलावरही नाही. त्या वर्षापासून मुलगाच मडक्याचा राखणदार आहे. दिवाळीपासून पोपटीपर्यंत ओल्या हातानं त्याला कुणी शिवलं तर तो घर डोक्यावर घेतो.

आपल्या मुलखात मडक्याला धर्मकार्यात फार कामं आहेत. नवरात्रात ते घट होतं, संक्रांतीला सुगड होतं, गोकुळाष्टमीला दोरीवर चढून हंडी होतं, आणि माणूस गेला की स्मशानात खांद्यावर चढून फुटतं. यांतल्या प्रत्येक कामाला वेळ ठरलेली, रीत ठरलेली, आणि ते कुणी करायचं, कुणी करायचं नाही हेही ठरलेलं. वडील गेले त्या वर्षी आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं कुठूनच आलं नाही. त्याआधी दर वर्षी सुगडात हरभरे, बोरं, उसाची कांडी, गव्हाच्या ओंब्या घालून वाण द्यायला तीच पुढे असायची. शेजारणी वाईट नव्हत्या. तिला अवघड वाटू नये म्हणून बोलावलं नाही, असं त्यांनी मला खरोखर मनापासून सांगितलं. आईनं सुगडं आणणं बंद केलं आणि त्याबद्दल कधी शब्द काढला नाही.

याच सुमारास भावाचं लग्न झालं. वहिनी मुरूडची, कोकणी मुसलमान कुटुंबातली. लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीनं. वहिनी रोजे ठेवते, आई मार्गशीर्षातले गुरुवार धरते, भाऊ देव मानत नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात असतो. घरात भांडण नव्हतं. गणपतीत वहिनी मोदकांची पारी आमच्यापेक्षा पातळ करायची, ईदला आई शिरखुर्म्यासाठी बदाम सोलायला बसायची. पण प्रत्येक सणाला घरातलं कुणीतरी पाहुणं असायचं. आरतीच्या वेळी वहिनी दाराशी उभी, ईदच्या नमाजाच्या वेळी आम्ही बाहेरच्या खोलीत, आणि भाऊ दोन्हीकडे पाहुणा. पाहुण्यांशी सगळे फार चांगले वागतात. आपल्याच घरात मात्र फार दिवस पाहुणं म्हणून राहता येत नाही.

भाची झाल्यावर ही गोष्ट मोठ्यानं बोलली गेली. नाताळच्या सुट्टीत तिच्या शाळूसोबतींच्या घरी झाड सजायचं, केक यायचा. तसं झाड आणू, असं कुणी सुचवलं. आणायला हरकत काहीच नव्हती, पण ते दुकानातून आलं असतं आणि जानेवारीत खोक्यात गेलं असतं. भावानं 31 डिसेंबर सुचवला. समितीचे कार्यकर्ते त्या रात्री दारूऐवजी दूध वाटतात, त्यात सगळ्यांनी जावं. ते काम चांगलं आहे आणि आम्ही गेलोही, पण ते चौकातलं काम. लहान मुलीला त्यात करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी आत्याच म्हणाली, "अगं, आपल्या शेतावर पोपटी लावतात, तिला कुठला देव लागतो?" आत्याचं शेत अलिबाग तालुक्यात, खाडीच्या अंगाला. लहानपणी आम्ही तिथे पोपटी खाल्ली होती. तो सण आहे असं कधी कुणाला वाटलं नव्हतं, म्हणूनच तो आमच्या कामाचा होता.

दिवस ठरवायचा प्रश्न होता, कारण दिवस ठरला नाही तर रूढी बसत नाही. भावानं भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका काढली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं सुचवलेली आणि 22 मार्च 1957 पासून सरकारनं स्वीकारलेली ती सौर दिनदर्शिका. तिच्यात पौष महिना 22 डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रात्र सरते न सरते तोच. आपल्याकडे ती रात्र जवळजवळ 13 तासांची. सूर्य तिथून उत्तरेकडे वळतो. उत्तरायणाचा हा खरा दिवस आणि आपली मकरसंक्रांत एके काळी एकत्र येत. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे सुमारे 72 वर्षांत एक दिवस अशी त्यांची फारकत होत गेली आणि आज संक्रांत 14–15 जानेवारीला येते. ज्या नावाच्या महिन्यात आपण लग्नकार्य करत नाही, त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सूर्य परत फिरतो, हे मला फार आवडलं. ठरलं, की 22 डिसेंबरनंतरचा पहिला शनिवार आपला.

मडक्यानं ते मान्य केलं नाही. पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला की भात उशिरा कापलं जातं, वाल उशिरा पेरला जातो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेंगा चपट्याच असतात. चपटी शेंग मडक्यात घातली तर नुसतं साल हाताला येतं. बाजारात बाहेरच्या शेंगा मिळतात, त्या आणून तारीख पाळावी असं भावाचं मत होतं. मडक्याच्या बाजूनं आत्या उभी राहिली आणि तिचं बरोबर होतं. आता नियम असा आहे: 22 डिसेंबर उलटला की आत्या रोज बांधावर जाऊन शेंग चाचपते. दाणा बोटाला लागला की फोन करते. वहिनीच्या माहेरी चंद्र दिसल्याची बातमी ऐकायला सगळे थांबतात, तसे आम्ही त्या फोनसाठी थांबतो. येणारा शनिवार मग पोपटीचा, डिसेंबरातला असो की जानेवारीतला.

पहिल्याच वर्षी मडकं समोर ठेवल्यावर आत्यानं सवयीनं करंडा आणला. नवं काही चुलीवर, आगीवर चढायचं तर हळदकुंकवाचं बोट लावायचंच, हा तिचा शिरस्ता. भाऊ लगेच म्हणाला, हे इथे नको. आत्याचा चेहरा उतरला. वहिनी पाला निवडत राहिली, मान वर न करता. तेव्हा आई म्हणाली, "मडक्याला बाहेरून कुणी काही लावायचं नाही. आत काय घालायचं ते ज्याचं त्यानं आणा." कुंकवाच्या बोटाबद्दल बोलायचा त्या अंगणात सर्वांत जास्त अधिकार तिचा होता, आणि तिनं तो दुसऱ्या कुणाचं मन न मोडता वापरला. आत्यानं करंडा घरात नेला आणि येताना परसातली चार रताळी घेऊन आली.

तेव्हापासून प्रत्येकानं एक वस्तू आणायची. वहिनी माहेरच्या वाडीतली कोनफळं आणते. भाची बटाट्यांवर खिळ्यानं खुणा करते, ज्याचा बटाटा त्याला ओळखता यावा म्हणून. मांसाचा प्रश्नही मडक्यानंच सोडवला म्हणायचं. आईचा मार्गशीर्ष कधी डिसेंबरात संपतो, कधी जानेवारीपर्यंत चालतो. वहिनीच्या माहेरचे हलालच खातात. म्हणून मोठ्या मडक्यात फक्त शेंगा आणि कंद. ते सगळ्यांचं. कोंबडी आणि अंडी शेजारच्या लहान मडक्यात, कोंबडी मुरूडहून वहिनीच्या भावानं आणलेली. कोंबडीशिवाय पोपटी कसली, असं म्हणणारे रायगडात पुष्कळ आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पोपटी वालाच्या शेंगेची. कोंबडी कशातही शिजते. भांबुर्ड्याच्या वाफेत आपल्याच रसात शिजलेली शेंग दुसऱ्या कुठल्याही भांड्यातून निघत नाही.

मडकं भरते आई. पाला किती दाबायचा, मीठ कोणत्या थरावर, हे तिच्या हाताला कळतं. फार दाबलं तर वाफ फिरत नाही, सैल राहिलं तर उलटं करताना सगळं सरकतं. भावानं जागा साफ केलेली असते. वाळकं गवत खणून काढायचं, वारा कुठला ते बघायचं, पाण्याच्या दोन बादल्या हाताशी ठेवायच्या. कापलेल्या भाताच्या खुंटांना आग लागायला वेळ लागत नाही. मग मडकं तोंड खाली करून बसतं आणि चारही बाजूंनी पेंढा चढतो. काडी कुणी लावायची हे दर वर्षी वेगळं.

यानंतरचा पाऊण तास हीच खरी पोपटी. घरात इतका वेळ कुणी एकत्र रिकामं बसत नाही. मडक्याजवळ बसावं लागतं, कारण आग एकसारखी राहायला हवी. एका बाजूला विझली तर त्या बाजूच्या शेंगा कच्च्या. मडकं सगळ्यांना आपल्याभोवती गोल बसवून ठेवतं, आणि त्यासाठी त्याला एक शब्द बोलावा लागत नाही. साडेसातच्या सुमाराला पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं, पोटात तीन ताऱ्यांचा बाण घेऊन. आठला माडांच्या मागून व्याध निघतो. वडील शेतावर असले की आम्हाला ते तारे दाखवायचे. आता भाची ते मुरूडहून आलेल्या मावसभावंडांना दाखवते. कुणी गाणं म्हणतं, कुणी नाही. आई कधीकधी वडिलांबद्दल बोलते. प्रार्थना कुणी म्हणत नाही आणि म्हणू नये असंही कुणी म्हणत नाही. एकदा इशाच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा वहिनी उठून खळ्यावर गेली, नमाज पढून परत आली आणि गोवरी सारायला बसली. कुणाची नजर तिच्याकडे वळली नाही, आणि ती दाराशी उभी राहिली नाही. आम्हाला हवं होतं ते एवढंच.

पाणी शिंपडायचा मान घरात सर्वांत लहान असेल त्याचा. चर्र झालं की भाऊ निखारे बाजूला सारतो, दोघं मिळून ओल्या गोणपाटात मडकं धरतात, आणि तोंडाचा बोळा काढून सगळं केळीच्या पानांवर ओततात. ती पहिली वाफ उग्र, ओव्याची, धुराची, मातीची. इथे ताट नसतं, वाढणारी नसते. सगळे पानांभोवती उकिडवे बसतात आणि हातानं शेंगा सोलून खातात. वाढण्यासाठी कुणाला मागे थांबावं लागत नाही, म्हणून बायकांची पंगत शेवटी बसत नाही. इतर कुठल्याही सणाला आमच्या घरी हे आपोआप घडलेलं नाही.

अलीकडे पोपटी पत्र्याच्या डब्यात लावतात. फार्महाऊसवर माणसं जास्त, मडकी फुटतात, डबा स्वस्त आणि टिकाऊ, हे सगळं खरं. पण पत्रा झटकन तापतो. कडेच्या शेंगा करपतात आणि मधल्या हिरव्या राहतात. माती उष्णता सावकाश घेते आणि सगळीकडे सारखी देते. डब्याच्या पोपटीला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पोपटीभोवती कविसंमेलनं भरतात, शहरातली माणसं वाल बघायला येतात, यातही भलं आहे. घरच्यासाठी मात्र मडकंच घ्यावं, कारण त्याला जपावं लागतं, आणि वर्षभर जपलेल्या वस्तूचीच रूढी होते.

मला काळजी डब्याची नाही, वालाची आहे. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यावर मुंबई आणखी जवळ आली आणि जमिनीच्या किमती चढल्या. आत्याच्या शेजारच्या दोन शेतांत भराव पडला आहे. भरावावर वाल येत नाही, कारण वालाला भातखाचराची उरलेली ओल लागते. भांबुर्ड्यालाही बांध लागतो. भावानं आत्याला सांगितलं आहे की तिच्यानंतर शेत आम्ही करू, निदान वालापुरतं. त्याला भातशेती येत नाही. या पावसाळ्यात तो आणि वहिनी लावणीला गेले होते, आणि पुढच्याही वर्षी जायचं ठरलं आहे.

मडकं तीनचार पोपट्या काढतं. पाठ काळी कुळकुळीत होते, कडेचा टवका उडतो, मग कधीतरी हातातच त्याचे दोन तुकडे होतात. त्याच्या खापऱ्या आई कुंड्यांच्या तळाशी घालते, पाणी निचरायला. तोवर पुढचा माठ माळ्यावर चढलेला असतो.

ज्या घरांत दोन धर्म आहेत, किंवा एकही नाही, किंवा ज्या घरातली एखादी बाई सणाच्या दिवशी आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसते, त्या घरांना माझं सांगणं आहे. थंडीत एक संध्याकाळ अशी ठेवा जिथे कुणी पाहुणं नसेल. वाल नसेल तिथे ज्वारीचा हुरडा आहे, हरभऱ्याचा हुळा आहे. आगटी पेटवून सोलापूर-नगरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. आणि रायगडात असाल तर यंदाचा माठ फेकू नका. पावसाळ्याआधी घासून घ्या, कडक उन्हात वाळवा, आणि शेंगा भरेपर्यंत त्याला पाण्याचा हात लावू देऊ नका.